नऊ मंडळ्यांत वाचलेली घोषणा

तिआर्मा लुंबानतोरुआन आमच्या लोबू हरियाराला आली तेव्हा तिच्याजवळ एक पत्र्याची पेटी, एक गिटार आणि विभागाच्या कचेरीचं पत्र एवढंच होतं. पत्रात लिहिलं होतं की ही बायबलबाई, वय सत्तावीस, अविवाहित, हिला डोंगरावरच्या मंडळीत दोन वर्षांसाठी नेमण्यात येत आहे. ती तेवीस वर्षं राहिली. दोन वर्षांनी तिची बदली करायची आहे हे कचेरीत कुणाला आठवलंच नाही. आठवलं असतं तरी तिच्या जागी चढून यायला कोण तयार होतं?

गाव एकतीस घरांचं. आम्ही पुरुष सोमवारी रानात जायचो, उदाच्या झाडांना खाचा पाडून चीक काढायचो आणि शनिवारी परतायचो. मधले पाच दिवस गावात बायका, म्हातारी माणसं, पोरं आणि ती. तिला सगळे इनांग बीबेल म्हणत. इनांग म्हणजे आई. ज्या बाईला मान द्यायचा तिला आमच्यात असंच म्हणतात. पाळक खाली ओनान सिहाबोत राहायचे, बाजाराच्या गावात. नऊ मंडळ्यांना मिळून ते एकटे, म्हणून आमच्याकडे वर्षातून दोनदा यायचे. बाप्तिस्मे, लग्नं, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस, सगळं पाळकाच्याच हातून, म्हणून त्या दोन रविवारी उरकून घ्यायचं. उरलेले पन्नास रविवार ती उपदेश करायची, नाहीतर आम्हा वडिलांपैकी कुणीतरी. वडील म्हणजे मंडळीनं निवडलेला कारभारी. मी पस्तिशीतच वडील झालो होतो. नाव मांगासी. ती मला 'इतो' म्हणायची, म्हणजे भाऊ.

गोड बाई नव्हती ती. उपासनेत कुणी डुलक्या घेऊ लागला तर त्याचं नाव घेऊन पुढचं वचन वाचायला लावायची. माझ्या बायकोच्या तिन्ही बाळंतपणांत तिचे हात होते आणि तिन्ही वेळा तिनं मलाच शिव्या घातल्या. बाजाराच्या गावातल्या एका शिक्षकानं तिला मागणी घातली होती. पण बायबलबाईनं लग्न केलं की सेवा संपते, असा तेव्हा नियम होता. तिनं नकार कळवला आणि त्या दिवशी घराच्या मागची सगळी घेवड्याची वेल उपटून पुन्हा लावली. ह्यावर ती कधी बोलली नाही. आम्हीही विचारलं नाही. खरं सांगायचं तर तिनं नकार दिला म्हणून गावाला हायसंच वाटलं.

दरवर्षी डिसेंबरात ती विभागाच्या कचेरीला अहवाल पाठवायची. बाप्तिस्मे इतके, मृत्यू इतके, पोरांच्या शाळेत हजेरी इतकी. शेवटी एक ओळ ठरलेली असायची: 'ह्या वर्षी सात माणसं प्रभुभोजनाची वाट पाहत मेली. काही मार्ग काढावा.' आकडा तेवढा बदलायचा. उत्तर एकदाच आलं. त्यात अहवाल छापील नमुन्यातच भरावा अशी सूचना होती.

गोमगोम नावाच्या पोराची आजी आजारी पडली त्या आठवड्यात माझा पाय मुरगळला होता, म्हणून मी रानात गेलो नव्हतो. म्हातारी नव्वदीची. वरच्या वळणावर दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. निरोप्या चिखलातून खाली गेला आणि परत आला. पाळकांनी कळवलं होतं, रस्ता मोकळा झाला की येतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिच्या उशाशी बसलो होतो.

"पाळक आले का?" म्हातारीनं विचारलं.

"दरड आहे, ओम्पुंग," इनांग बीबेल म्हणाली. म्हाताऱ्या माणसाला आम्ही ओम्पुंग म्हणतो. "निरोप धाडलाय."

"तीन दिवस तेच सांगत्येस. आणि तुझे हात काय झाले? कुजले?"

इनांग बीबेल उठली. बाहेर जाऊन तिनं हात धुतले. खूप वेळ धूत होती. मग चर्चच्या कपाटातून पेला आणि डबा घेऊन आली. पाळकांच्या मागच्या फेरीतला थोडा द्राक्षारस आणि भाकरीच्या दोन चकत्या उरल्या होत्या. म्हातारीला गिळवत नव्हतं. हिनं चकती द्राक्षारसात बुडवून तिच्या ओठांना लावली आणि ते शब्द म्हणाली, जे फक्त पाळकानं म्हणायचे असतात. पाठ होते तिला. तेवीस वर्षं ऐकत होती. म्हातारीनं ओठ चाटले आणि म्हणाली, "हां." संध्याकाळपर्यंत ती गेली.

"इतो," घरी जाताना ती मला म्हणाली, "हे कुठं बोलू नकोस."

"छे! मी कशाला बोलू?"

मीच बोललो.

दोन महिन्यांनी बाजाराच्या दिवशी ओनान सिहाबोत ताडीच्या दुकानात बसलो होतो. डुकराचं मटण चांगलं झालं होतं आणि मी बुद्धिबळात दोन डाव हरलो होतो. समोर खालच्या मंडळीचा वडील, साऊत नावाचा. ताडी चढली की त्याला थट्टेचा उमाळा यायचा.

"काय रे डोंगरवाले," तो म्हणाला, "तुमच्यात माणसं अजून कोरडीच मरतात का? आमच्याकडे पाळक शेजारी. शिंकलं तरी पेला घेऊन हजर!"

सगळे हसले. माझं डोकं फिरलं.

"तुमच्या पाळकाला धाप लागते रे चढावर," मी म्हणालो. "आमची इनांग बीबेल आहे ना, तिच्या हातचं घेऊन आमची म्हातारी ओठ चाटत गेली!"

साऊतनं सोंगटी खाली ठेवली. "काय घेऊन?" त्यानं विचारलं.

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते.

पाळक होते हासिहोलान. तरणे, हुशार, बाहेर देशात शिकून आलेले. वाईट माणूस म्हणता येणार नाही. माझ्या आईच्या अंत्यविधीला ते भर पावसात चालत आले होते. पण नियम म्हणजे नियम. त्यांनी विभागप्रमुखांना पत्र लिहिलं आणि महिन्याभरात चौकशी बसली. चार पाळक, विभागप्रमुख आणि टंकलेखक. साक्षीला मी.

"तुम्हाला हा अधिकार कुणी दिला?" विभागप्रमुखांनी तिला विचारलं.

"कुणी नाही, आमांग. म्हातारीनं मागितलं." आमांग म्हणजे बापाच्या मानाचा माणूस.

"मागितलं म्हणून दिलंत? उद्या कुणी तुमच्याकडे बाप्तिस्मा मागेल, लग्न मागेल."

"लग्न लावायला मला कोण बोलावतंय, आमांग?"

टंकलेखक हसला आणि लगेच गप्प झाला. हासिहोलान खाली बघत होते. मग त्यांनी तिच्यासमोर एक कागद सरकवला. त्यावर सही केली की प्रकरण हलकं होईल, असं ते हळू आवाजात म्हणाले. तिनं सावकाश वाचला.

"इथं लिहिलंय मी व्यवस्था मोडली. हे खरं आहे, ह्यावर सही करते. खाली लिहिलंय मी म्हातारीच्या आत्म्याशी खेळ केला. हे खोडा."

"मजकूर ठरलेला आहे, इनांग. ह्या प्रकरणांत हाच वापरतात."

"मग राहू दे."

मला विचारलं, घडलं ते खरं का? मी म्हणालो, खरं. आणखी काही सांगायचंय का, असं विचारलं. तिचे अहवाल, दरवर्षीची ती शेवटची ओळ, दरड, सगळं माझ्या जिभेवर होतं. मी म्हणालो, नाही.

सहा महिन्यांची शिस्त लागली. त्या काळात तिनं प्रभुभोजन घ्यायचं नाही, शिकवायचं नाही, चर्चमध्ये उभं राहून तोंड उघडायचं नाही. आणि रिवाजाप्रमाणे ही गोष्ट नऊच्या नऊ मंडळ्यांत रविवारच्या घोषणांबरोबर वाचून दाखवायची. लोबू हरियारात त्या रविवारी घोषणा वाचायची पाळी माझी होती.

बायको म्हणाली, "पाय दुखतोय म्हणून सांगा. दुसरं कुणी वाचेल."

मला वाटलं, वडिलानं पाळी टाळायची नाही. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आज वाटतं, मी कुणाच्या बाजूचा आहे ह्याबद्दल कचेरीला शंका येऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं. मी वाचलं. आधी कुणाच्या घरी प्रार्थना आहे ते, मग कुणाचं लग्न ठरलंय ते, मग तिचं. पूर्ण नाव, गुन्हा, मुदत. ती पुढच्या बाकावर बसली होती, नेहमीच्या जागी. माझा आवाज एकदाही अडखळला नाही. नंतर लोकांनी सांगितलं, स्पष्ट ऐकू आलं.

मुदत संपली तरी ती परत आली नाही. तिला विभागाच्या कचेरीत पत्रं टाइप करायला घेतलं. आठ वर्षं ती दुसऱ्यांच्या बदल्यांची पत्रं टाइप करत होती. आमच्याकडे तिच्या जागी कुणी आलं नाही. पोरांची रविवारची शाळा पहिल्या वर्षी बंद पडली. दुसऱ्या वर्षी शहरातून एक नवा पंथ आला, टेम्पोत ढोल आणि कर्णे घालून. बारा घरं तिकडे गेली. मी त्यांना थांबवायला गेलो तेव्हा गोमगोमची आई म्हणाली, "त्यांचा माणूस दर गुरुवारी येतो, वडीलसाहेब. तुमचा कधी येतो?"

मग महासभेनं ठरवलं की लहान मंडळ्या मोठ्यांत मिळवायच्या. चाळीस घरांखालची मंडळी स्वतंत्र धरायची नाही. आम्ही तर आता एकोणीसच घरं होतो. आमची घंटा उतरवून खाली नेली आणि आम्ही ओनान सिहाबोच्या मंडळीचा 'डोंगर गट' झालो. चर्चची इमारत उरली, वर्षातून दोन रविवारांपुरती.

ह्यानंतर कितीतरी वर्षांनी नवीकरणाचा आराखडा आला. मुख्य कचेरीनं छापलेली गुळगुळीत कागदाची पुस्तिका घरोघर वाटली. दुर्गम मंडळ्यांचं पुनरुज्जीवन कसं करायचं, विभागांना जास्त अधिकार कसे द्यायचे, असं बरंच काही होतं. नवव्या पानावर लिहिलं होतं: यापुढे पाळकाच्या लेखी परवानगीनं प्रशिक्षित सेवक आणि बायबलबाया प्रभुभोजन देऊ शकतील. त्याखाली चौकटीत एक हकीकत होती. 'एका डोंगराळ मंडळीत एक बायबलबाई होती...' नाव नाही. लिहिणारे पाळक हासिहोलान. आता ते विभागप्रमुख झाले होते आणि आराखड्याच्या समितीचे अध्यक्षही.

पुस्तिका घेऊन मी तिच्याकडे गेलो. निवृत्त होऊन ती बाजाराच्या गावात भाचीकडे राहत होती. पासष्ट वर्षांची, केस पार पांढरे. ती ओसरीवर शेंगा सोलत होती. इतक्या वर्षांत मी तिला तीन-चारदाच भेटलो असेन, तेही रस्त्यावर, घाईत.

तिनं चष्मा लावून चौकट वाचली. मग बोट ठेवून म्हणाली, "हे चुकलंय. ह्यात म्हातारी भाकर खाते. तिला गिळवत कुठं होतं?"

"इनांग..."

"आणि हे बघ. 'वरिष्ठांच्या आशीर्वादानं.' कुठले वरिष्ठ, इतो? तू होतास तिथं. होते का कुणी?"

"नव्हते."

"मग सांग तसं त्यांना."

तिनं माझ्यासमोरच पत्र लिहायला घेतलं. टाइप करायचा हात अजून चांगला होता, पण तिनं हातानंच लिहिलं. मागणी एकच. ती शिस्त चुकीची होती असं ठरवावं, आणि जशी नऊ मंडळ्यांत वाचली तशी नऊ मंडळ्यांत ती मागे घेतल्याचं वाचावं.

विभागाचं उत्तर नम्र होतं. शिस्तीची मुदत फार पूर्वीच संपली असून आपण मंडळीच्या पूर्ण सभासद आहात, सबब मागे घेण्याजोगं काही शिल्लक नाही. तिनं दुसरं पत्र महासभेला लिहिलं. त्या वर्षी विभागाच्या वडिलांतून महासभेला मी निवडून गेलो होतो. पत्र माझ्या हातात देताना ती म्हणाली, "टपालानं नको. तू दे. आणि विचारलं तर बोल."

महासभा पाच दिवसांची. हजारभर माणसं, पंखे, लांबच लांब टेबलं. तिचं पत्र 'इतर पत्रव्यवहार' ह्या सदरात गेलं आणि ते सदर शेवटच्या दिवशी जेवणाच्या आधी निघालं. चव्वेचाळीस पत्रं होती. अध्यक्ष म्हणाले, सगळ्यांची एकत्र नोंद घेऊ या. मी उठलो. माइक माझ्यापर्यंत यायला वेळ लागला.

"एक पत्र वेगळं वाचावं," मी म्हणालो. "सतरावं."

"आमांग कुठल्या विभागाचे?"

मी सांगितलं. पुढच्या रांगेत हासिहोलान मागे वळले. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, रागानं नाही, ओळखीनं. आपलं माणूस आहे, समजून घेईल, अशी.

"आमांग, मुद्दा महत्त्वाचा असेल," अध्यक्ष म्हणाले, "पण हजार माणसांचं जेवण थंड होतंय. विभागपातळीवर सोडवता येणार नाही का?"

हशा पिकला. माझ्या शेजारच्यानं माझ्या सदऱ्याचं टोक ओढलं. आणि मी बसलो. नोंद घेण्याच्या बाजूनं हात वर करा म्हणाले, तेव्हा माझाही हात वर गेला.

तिला खोटं सांगायचं मी बसमध्ये ठरवलं होतं. ओसरीवर पोचल्यावर ते जमलं नाही.

"बसलास?" तिनं विचारलं.

"बसलो."

"हात?"

"वर केला."

तिनं कॉफी ओतून माझ्यासमोर ठेवली आणि पुन्हा शेंगा सोलू लागली.

आराखड्याचा शुभारंभ लोबू हरियारातच करायचं ठरलं. चौकटीतली हकीकत तिथलीच ना! चर्चला रंग दिला, डुकरं कापली, मुख्य कचेरीचे कॅमेरेवाले आले. नवीन परवाना मिळालेल्या सेविकेच्या हातून पहिलं प्रभुभोजन होणार होतं. त्याआधी इनांग बीबेलच्या खांद्यावर उलोस घालून सत्कार. उलोस आमच्याकडे मानाचं, मायेचं वस्त्र. ते नाकारत नाहीत.

ती येणार नाही असंच मला वाटत होतं. पण ती आली, भाजीच्या ट्रकमधून, पुढच्या सीटवर. मागच्या बाकावर बसली. नाव पुकारल्यावर उठून पुढे गेली. हासिहोलान स्वतः उलोस उघडून उभे होते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते खरं होतं, हे मी शपथेवर सांगेन.

"इनांग," ते म्हणाले, "आज तुमच्यामुळे मंडळीला नवी वाट मिळाली."

"आमांग, आधी ते वाचा," ती म्हणाली. हळू नाही, जोरानंही नाही. "इथंच वाचलं होतं. ते चुकलं म्हणून दोन ओळी वाचा. मग पांघरा."

कॅमेरेवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

"आज आनंदाचा दिवस आहे, इनांग," हासिहोलान म्हणाले. "त्या गोष्टीला कचेरीची एक पद्धत असते. माझ्या एकट्याच्या हातात नाही ते."

"माझ्याही हातात नव्हतं, आमांग. तरी दिलं."

त्यांचे हात उलोससकट तसेच वर राहिले. ती वळली आणि मधल्या वाटेनं बाहेर गेली. कुणी अडवलं नाही. गायकवृंदातल्या कुणीतरी प्रसंग सावरायला गीत सुरू केलं. मग प्रभुभोजन झालं. सेविका लहानशी पोर होती. माझ्यापाशी आली तेव्हा मी तोंड उघडलं आणि घेतलं. बाहेर ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला.

त्यानंतर मी जे केलं ते फार उशिरा केलं. पूर्वीच्या त्या नऊ मंडळ्यांच्या वडिलांना, आमच्या गटाच्या दुसऱ्या वडिलासकट, मी हातानं नऊ पत्रं लिहिली. घडलं ते लिहिलं, ताडीच्या दुकानासकट. आणि विनंती केली की घोषणांच्या वेळी हे वाचावं. हासिहोलानांनी बोलावून घेतलं. "तुम्ही विभागाला डावलून हे करता, वडीलसाहेब. ही बेशिस्त आहे," ते म्हणाले. पण कारवाई केली नाही. पुस्तिकेचं बरंच कौतुक झालं होतं, त्यांना बोभाटा नको होता.

तीन मंडळ्यांनी वाचलं. दोघांनी कळवलं की कचेरीच्या शिक्क्याशिवाय वाचता येत नाही. साऊत तेव्हा ओनान सिहाबोत मुख्य वडील होता. त्यानं पत्र परत पाठवलं, पाकीट न फोडता. तिघांचं उत्तरच आलं नाही.

मी तिला जाऊन सांगितलं. ती तेव्हा अंथरुणाला खिळली होती, पायांवर सूज होती.

"कुठल्या तीन?" तिनं विचारलं.

मी नावं घेतली.

"शेवटच्या मंडळीत तर मला कुणी ओळखतही नाही," ती म्हणाली. "तिथं कशाला वाचलं असेल?" मग जरा थांबून म्हणाली, "भाचीला सांग, खिडकी लाव. वारं लागतंय."

खिडकी मीच लावली.

त्याच साली, ऊद काढायच्या हंगामात ती गेली. शेवटचे दोन महिने ती चर्चला गेली नव्हती आणि भाचीनं परवानाधारक सेविकेला बोलावलं तेव्हा हिनं तिला बाहेरच बसवायला आणि चहा पाजून परत पाठवायला सांगितलं. प्रभुभोजन न घेताच गेली. अंत्यविधीला तीन पाळक होते. त्यांच्यातल्या एकानं पुस्तिकेतली ती चौकट वाचली, म्हातारी भाकर खाते ती. मी शवपेटीच्या पायाशी उभा होतो. ह्या वेळी मी मध्येच मोठ्यानं म्हणालो, "तिला गिळवत नव्हतं." पाळकांनी वर बघितलं, क्षणभर थांबले, आणि पुढची ओळ वाचू लागले.